वाचणारीवरचा उजेड

आरसा व्हॅनमध्ये चढेपर्यंत कुणी कुणाशी बोललं नाही. चढल्यावर सगळे एकदम बोलले.

"आडवा नको, उभा ठेव," थोरले म्हणाले. "मध्ये चादर कोंबा," आत्या म्हणाली. "बाबा, तुम्ही पुढे बसा," सून म्हणाली. "ऊन चारपर्यंतच आहे," नात म्हणाली. व्हॅन ज्याची होती तो फरशीवाला कंबरेवर हात ठेवून उभा होता. त्याने सगळ्यांचं होऊ दिलं आणि मग म्हणाला, "दादा, ह्या गाडीतून मी डोंगराएवढी फरशी वाहिली. एकीलाही तडा नाही."

"तडा जायला एकदाच लागतं," असं म्हणून थोरले पुढे बसले.

आरसा थोरल्यांच्या बायकोच्या कपाटाचा. ती होती तेव्हाच त्यांनी तो दारातून काढला होता, आणि तिने पुढची सगळी वर्षं खिडकीच्या काचेत बघून भांग पाडला. त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. तक्रार होती ती दर रविवारी सगळे दगड बघायला गेले की घरात चिटपाखरू नसतं ह्याची. मग तीही यायला लागली.

आता ती नव्हती. थोरल्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, नेहमीसारखा बोटीवर होता. आत्याचा, म्हणजे थोरल्यांच्या धाकट्या बहिणीचा, खांदा धरला होता. तिला वेणी घालता येत नव्हती, तिथे आरसा काय धरणार. फरशीवाला ह्या रविवारात शिरला तो असा, फटीतून. थोरले न्हाणीघरात घसरले. सुनेने कुणालाही न विचारता त्याला बोलावलं, त्याने गुळगुळीत फरशी उखडून खरबरीत बसवली आणि चहा पिताना, कप खाली ठेवत, सहज म्हटल्यासारखं म्हणाला, "तुमच्या दगडांच्या रविवाराला आम्हाला कधी नेलं नाहीत."

थोरल्यांचे आजोबा आणि फरशीवाल्याचे आजोबा सख्खे भाऊ. दगडाच्या कारखान्यात माणसं दोनच, हे दोघे. थोरल्यांच्या घरी सांगायचे, आबा, म्हणजे थोरल्यांचे आजोबा, कोरायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ घासायचा. म्हणून तो घाशा. घाशा एक दिवस भांडून गेला, फरश्या घालायला लागला, आणि त्याच्या मुलानातवंडांना घाशाचं घराणं असं नाव पडलं. फरशीवाल्याच्या घरी काय सांगायचे, ते थोरल्यांनी कधी विचारलं नव्हतं.

हौद. उजेड उजवीकडून.

बाजाराच्या कोपऱ्यावर जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद आहे. आता त्याला सायकली बांधतात. नात दोन सायकलींच्या मध्ये बसून कॅमेऱ्यातून बघत होती आणि तिला, दर वेळी वाटतं तसंच, वाटत होतं की हे कुणी पाहिलेलंच नाही. हौदाच्या काठाभोवती दगडातच एक दोर गुंडाळलेला होता. दोराला पीळ होता, पिळाला ताण होता, आणि मागच्या कोपऱ्यात, जिथे फक्त बैलांची तोंडं पोचली असतील, तिथे दोराचा एक पदर उसवून सुटला होता. दगडाचा पदर. बोटाने आत सारावासा वाटेल इतका सुटलेला.

"आरसा खांद्याच्या वर," थोरले घडीच्या स्टुलावर बसून सांगत होते. "आता वाकव. अजून. कडेकडेने येऊ दे उजेड. समोरून पडला तर दगड मुका होतो. बास, तिथेच."

उजेड हौदावरून घसटत गेला आणि दोराचा प्रत्येक धागा उठून बसला. धाग्यांच्या आत टाकीच्या, म्हणजे छिन्नीच्या, बारीक रेघा, सगळ्या एका बाजूला कललेल्या.

"दिसल्या?" थोरले फरशीवाल्याला म्हणाले. "आबा डावखुरे. हातोडी डाव्या हातात. म्हणून रेघ डावीकडून निघते आणि उजवीकडे खाली उतरते. तिला आडवा उजेड लागतो, म्हणून आपला आरसा कायम उजवीकडे. गावात कुठेही जा, आबांचा दगड असला तर उजवीकडूनच बोलणार. मी सतरा वर्षांचा असताना हे शोधून काढलं."

"आरसा धरून मी उभी होते," आत्या म्हणाली. "तू नुसता ओरडत होतास."

"दिशा देत होतो."

"हो. त्याच दिशेने अजून खांदा दुखतोय."

फरशीवाला हसला, आरसा हलला, हौदावरचा दोर विझला. "सॉरी दादा," म्हणून त्याने पुन्हा उजेड जागेवर आणला, आणि नातीला आवडलं की त्याने तो अगदी जागेवर आणला. बोटभरही इकडेतिकडे नाही.

ती नकाशे छापणाऱ्या छापखान्यात कामाला होती. गावातून पायी फिरायचा एक नकाशा उद्या सकाळी यंत्रावर चढणार होता: कुठे कुठला पुतळा, कुठला हौद, कुठलं थडगं, कुणी घडवलं. आतले फोटो थोरल्यांच्या आल्बममधले होते. मुखपृष्ठ तेवढं मोकळं होतं, दफनभूमीतल्या वाचणारीसाठी, पुस्तक घेऊन बसलेल्या दगडी बाईसाठी. खाली आबांचं नाव येणार होतं. आबांनी कुठल्याच दगडावर नाव टाकलेलं नव्हतं, तेव्हा छापखान्यातच नव्हे, कुठेही ते पहिल्यांदाच येणार होतं. थोरले आठवडाभर रोज फोन करून विचारत होते, अक्षर केवढं असणार. नात रोज तेच उत्तर द्यायची. त्यांना ते रोज नव्याने आवडायचं.

चौकातला साहेब. आरसा लावला नाही.

हा पुतळा आपला नाही. हा बाहेरून ओतून आणलेला, काळ्या धातूचा, घोड्याशिवायही घोड्यावर बसल्यासारखा उभा. त्याच्या कोटाला बटणं सहा आणि काजं पाच. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी थोरले "फिरायला जाऊ" म्हणाले म्हणून सुनेने नवी चप्पल घातली होती, आणि त्यांनी तिला हे मोजायला लावलं होतं. नंतर थडगी दाखवली. रात्री ती नवऱ्याला म्हणाली होती, तुमच्याकडे सिनेमा नसतो का. आणि मग कधी, कुठल्या रविवारी, ते तिला आठवत नाही, ती माहेरी गेली असताना तिथल्या बँकेच्या पायरीवरच्या दगडी कुत्र्यासमोर थांबली आणि आईला म्हणाली, "थांब गं, त्याची पाठ तर बघू दे." तेव्हा तिला कळलं की आपलं लग्न झालं.

साहेबाच्या पायाशी डबे उघडले. नात फरशीवाल्याला काजं मोजून दाखवत होती. थोरले त्याला समजावत होते की ओतकाम म्हणजे काही कोरणं नव्हे. फरशीवाला मान डोलवत अंडं सोलत होता.

सून आत्याकडे सरकली. "मी त्यांना बोलावलं ते चुकलं का?"

"बरं केलंस. दादा पडला नसता तर आपण अजून दोन पिढ्या तोंड न बघता काढल्या असत्या."

"पण बाबा त्यांना सकाळपासून शिकवतायत नुसते."

"आणि तो शिकतोय. तेच मला बघवत नाही." आत्याने डब्याचं झाकण डाव्या हाताने लावायचा प्रयत्न केला, सुनेने ते घेऊन लावलं. "कारखान्यावर आम्ही पोरं जायचो तेव्हा घाशा म्हणून हाक मारायचो त्याच्या आजोबांना. तोंडावर. तो माणूस ओ द्यायचा."

कप्तान. उजेड उजवीकडून.

दफनभूमीच्या पहिल्या रांगेत एका बोटीच्या कप्तानाचा दगड आहे. नांगर, नांगराला साखळी, साखळीला गंज. फरशीवाल्याने आरसा धरल्या धरल्या मान पुढे काढून पाहिलं: दगडाला गंज चढलेला होता. म्हणजे तसा कोरलेला. कडी कडीवर घासून जिथे झिजते तिथे झिजलेली, आणि जिथे पाणी साचतं तिथे खवले. त्याला आपल्या गोदामातल्या साखळ्या आठवल्या. हे ज्याने केलं त्याने साखळी नुसती पाहिली नव्हती, वापरली होती.

"दादा," तो म्हणाला, "हे फार भारी आहे."

थोरले हे ऐकायला सकाळपासून बसले होते. ते उदार झाले. "पॉलिश बघ त्या नांगराच्या टोकाचं. ते तुमच्याकडचं. घासावं तर घाशानंच."

फरशीवाला हसला. बसमध्ये तिकीट काढतात तसा, न बघता, सवयीने. हे हसू त्याच्या बापाकडून आलं होतं.

"तूही चाळीस वर्षं चष्म्याची भिंगंच घासलीस, दादा," आत्या म्हणाली.

"भिंगाची गोष्ट वेगळी."

"आणि मी कवळ्या घासल्या. हिचा नवरा बोटीचा पत्रा घासतो. एकटे आबाच काय ते कोरणारे निघाले. बाकी सगळं घाशाचंच घराणं म्हण."

नात इतक्या जोरात हसली की दोन ओळी पलीकडच्या माळ्याने वर बघितलं. थोरलेही हसले. कप्तानाचे तीन फोटो निघाले, तिन्ही चांगले.

वाचणारी. उजेड उजवीकडून. आल्बममधून.

काळा-पांढरा. आत्या सोळा वर्षांची, तेव्हाचा आरसा तिच्यापेक्षा मोठा, तिचे फक्त पाय दिसतात. वाचणारी बसलेली आहे. शाळेतल्या एका बाईंच्या थडग्यावर तिला बसवली आहे, माणसाएवढी. एक चप्पल पायातून सुटलेली. पुस्तक मांडीवर मिटलेलं, पण एक बोट आत. मान वर. कुणीतरी हाक मारली आहे आणि ती "आले" म्हणणार आहे, पान हरवू नये एवढंच.

रंगीत, थोडा पिवळा पडलेला. थोरल्यांची बायको आरसा धरून, आणि आरशात चुकून तिचाच चेहरा. वाचणारीचे कपडे साबणासारखे गुळगुळीत.

रंगीत. मुलगा, अजून बोटीवर न गेलेला, कंटाळलेला. वाचणारी गुळगुळीत.

रंगीत. सून, पोटात नात. गुळगुळीत.

प्रत्येक फोटोच्या मागे थोरल्यांच्या हातचा एकच शब्द: निरेघ. हा शब्द त्यांचाच. गावातल्या आबांच्या प्रत्येक दगडावर उजवीकडून उजेड टाकला की रेघा उठतात. हिच्यावर उठत नाहीत. म्हणजे इथे आबांनी स्वतःच्या टाकीची खूणसुद्धा उरू दिली नाही. कळस. ही गोष्ट थोरल्यांनी बायकोला सांगितली, मुलाला सांगितली, सुनेला चप्पल चावत असताना सांगितली, नातीला ती चालायला लागायच्या आधी सांगितली. नकाशासाठी नातीने जो मजकूर लिहून दिला होता त्यातही शेवटचं वाक्य तेच होतं.

वाचणारी. उजेड

झाडाच्या मागून वळण घेतल्यावर आधी तिची मान दिसते. आत्याला इतक्या वर्षांनंतरही तिथे पाऊल हळू टाकावंसं वाटायचं, आपणच तिला हाक मारली आणि ती आता उठेल, असं. ती पुढे होऊन उभी राहिली. दगडाचा रंग ओल्या राखेचा. गालाला ऊन लागलं होतं. बाकी अंग सावलीत.

वाचणारीच्या उजव्या हाताला, म्हणजे बघणाऱ्याच्या नव्हे तर

नाही. नीट सांगायचं तर असं: समोर उभं राहून बघणाऱ्याच्या उजवीकडे दफनभूमीवाल्यांनी नवीन फरशी घातली होती. कालच. सांधे ओले, कडेला दोरी बांधलेली. फरशीवाला आरसा घेऊन मागून आला, दोरीपाशी थबकला, आणि जन्मभर फरशी घालणारा माणूस ओल्या फरशीपाशी जे करतो तेच त्याने केलं. वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेला. तिथून त्याने आरसा खांद्याच्या वर धरला. सकाळपासून शिकवलं होतं तसा वाकवला. अजून वाकवला. कडेकडेने.

थोरले स्टूल उघडत होते. नात लेन्स पुसत होती. सून थर्मासचं झाकण शोधत होती. म्हणून आधी आत्यानेच पाहिलं.

वाचणारीच्या अंगावर रेघा उठल्या. मानेपासून निघून त्या खाली आल्या, शेकड्यांनी, सगळ्या एका अंगाला निजलेल्या, वाऱ्याने गवत निजतं तशा. गुळगुळीत असं काही नव्हतंच. कपडा कपडा होता तो ह्या रेघांमुळे. छातीवर ताणलेला तिथे त्या विरळ आणि लांब, मांडीवर चुण्या पडल्या तिथे दाट आणि आखूड, आणि जिथे पुस्तकाचं ओझं होतं तिथे त्या दबलेल्या. सुटलेल्या चपलेच्या पट्ट्यावर चार-पाचच, पण त्यांनी पट्टा चामड्याचा केला होता. गालावर त्या इतक्या बारीक झाल्या होत्या की त्यांना रेघा म्हणू नये. गालावरची लव म्हणावी.

आत्याने आयुष्यभर प्लास्टरच्या साच्यात दात कोरले होते. ती आधी नुसतं बघत राहिली. इतकं सुंदर काम समोर आलं की माणसाला दुसरं काही सुचत नाही. मग तिला त्या रेघा कुठून कुठे जातात ते दिसलं.

उजवीकडून. डावीकडे. खाली.

"ढग येतोय," ती मोठ्याने म्हणाली. "चला. फोटो उद्या काढू."

आभाळात ढग नव्हता.

कुणी काय म्हटलं

नात: उद्या सकाळी छापायला जातंय, आत्याआजी. उद्या कसं काढणार?

आत्या: मग जुना लाव. आल्बममधला. आईच्या पोटात तू आहेस तो लाव.

सून: काय झालं? अगं बाई. काय झालं हिला?

नात: (कॅमेरा डोळ्याला लावून, मग काढून) आई, रेघा उलट्या आहेत.

सून: उलट्या म्हणजे?

नात: म्हणजे आबांच्या नाहीत. हे उजव्या हाताचं काम आहे. आपण आयुष्यभर उजवीकडून उजेड टाकला, तो रेघांच्या बरोबरीने गेला, म्हणून दिसल्या नाहीत. निरेघ वगैरे काही नाही. आपण चुकीच्या बाजूला उभे होतो.

आत्या: हळू बोल.

नात: कारखान्यात माणसं दोनच होती, आत्याआजी.

सून: हळू बोल म्हणतायत ना त्या. बाबा स्टूल लावतायत अजून. हे बघ, त्या ओल्या फरशीवर एखादी फळी टाकू. आरसा नेहमीच्या बाजूला नेऊ. एक फोटो काढ आणि निघू.

नात: आणि खाली नाव कुणाचं छापू?

सून: त्यांचं वय बघ.

नात: तू त्या काकांना घरी आणलंस. मी नाही आणलं. आता तूच म्हणतेस फळी टाक?

सून: मी फरशी बदलायला आणलं होतं.

फरशीवाल्याने एवढ्या वेळात फक्त फळीचं आणि फरशीचं ऐकलं. त्याला आरशामागून वाचणारी दिसत नव्हती. त्याला एवढंच कळलं की आपण कुठेतरी चुकीचे उभे आहोत, आणि ती भावना त्याच्या ओळखीची होती. "दादा, आरसा उजवीकडे ना?" तो म्हणाला. "चुकलं माझं. फळी कशाला, येतो मी तिकडे." आणि जो माणूस पोरांना ओल्या फरशीवर पाय टाकला म्हणून कामावरून घरी पाठवायचा, त्याने दोरी ओलांडण्यासाठी पाय उचलला.

"हलू नकोस," थोरले म्हणाले.

थोरले

स्टूल उघडलेलं होतं, ते त्यावर बसले नव्हते. किती वेळ उभे होते कुणाला ठाऊक नाही. भिंग घासणाऱ्याला उजेड कुठून आला हे कुणी सांगावं लागत नाही.

ते पुढे गेले. आत्याने हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. वाचणारीच्या गुडघ्यापाशी ते वाकले, चष्मा कपाळावर सरकवला आणि नाक दगडाला लागेल इतकं जवळून त्या रेघांकडे पाहिलं. आपली चूक झाली असेल तर ती इथे सापडेल, असं पाहिलं. दहा बोटं खाली, दहा बोटं वर. कुठेतरी एक तरी रेघ डावीकडून उतरलेली असेल. आबांनी निदान हनुवटी केली असेल, निदान ते पुस्तकातलं बोट. त्यांनी पुस्तकातलं बोट पाहिलं. नखावरसुद्धा रेघ होती, उजवीकडून, आणि तिच्यामुळे नख खरं झालं होतं.

"चिमे," ते म्हणाले. बहिणीला ते चारचौघांत ह्या नावाने हाक मारत नसत. "आबा आपल्याला इथे आणायचे तेव्हा काय म्हणायचे गं?"

"इथे?"

"हौदावर काय म्हणायचे ते मला पाठ आहे. हा पीळ असा घेतला, इथे टाकी निसटली, हा पदर मुद्दाम सोडला. कप्तानापाशी अर्धा तास बोलायचे. इथे काय म्हणायचे?"

आत्याने आठवून पाहिलं. "बघा म्हणायचे."

"आणि?"

"आणि काही नाही. बघा म्हणायचे आणि त्या कठड्यावर बसायचे. आपण कंटाळेपर्यंत."

"मी समजायचो, स्वतःची स्तुती कशी करणार. मोठा माणूस." थोरले थोडं हसले. "मी केली असं म्हणालेत कधी?"

"नाही रे दादा. ते आपण म्हणालो."

नात कॅमेरा छातीशी धरून उभी होती. ती आत्तापर्यंत बरोबर होती, आणि बरोबर असणं तिला अचानक नकोसं झालं होतं. आजोबांनी आता म्हणावं, आल्बममधला लाव, तर ती लावेल, हे तिने मनाशी ठरवूनही टाकलं. सुनेने थर्मासचं झाकण घट्ट मुठीत धरलं होतं.

थोरले सरळ झाले, दोन पावलं मागे आले आणि वाचणारीकडे पाहिलं. आयुष्यात त्यांनी तिच्याकडे पाहिलं नव्हतं असा एक रविवार नव्हता. पण दर वेळी पाहताना छातीत काहीतरी फुगायचं, आणि ते फुगलं की डोळ्यांना कमीच दिसायचं. आज छातीत काही नव्हतं. समोर एक बाई होती. तिला कुणीतरी हाक मारली होती. ती उठायच्या बेतात होती आणि तिच्या उठण्याचा सगळा भार त्या एका सुटलेल्या चपलेवर होता, आणि हे ज्याला दिसलं होतं त्याला ते आणि त्यांची बहीण लहानपणी फाटकातून घाशा घाशा म्हणून ओरडून पळत होते.

"काय केलंय," ते म्हणाले. "काय केलंय ह्या माणसाने."

मग आरशाच्या दिशेने: "अरे, तुला दिसतंय का तिथून काही?"

"नाही दादा. आरशाची मागची बाजू दिसतेय फक्त."

"फोटो झाला की आरसा सूनबाईच्या हातात दे आणि समोर ये. तुझ्या आजोबांचं काम आहे. घरी कुणी सांगितलं नव्हतं?"

"आजोबा दगडाबद्दल बोलायचेच नाहीत," फरशीवाला म्हणाला. "फरशीबद्दलही नाही. वडील म्हणायचे, आपण घासणारे, आपण बोलू नये."

आत्याने तोंड फिरवलं. थोरल्यांनी फिरवलं नाही. ते स्टुलावर बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि नातीला म्हणाले, "काढ."

"आजोबा, नक्की?"

"ऊन जाईल. काढ. पूर्ण घे, चपलेसकट. आणि ते शेवटचं वाक्य काढून टाक, निरेघ वगैरे. माझा गाढवपणा मुखपृष्ठावर नको."

नातीने काढला. एक, मग दुसरा. तिसऱ्याच्या आधी ती थांबली आणि खालचं नाव विचारायचं धाडस करू लागली, पण थोरल्यांनी तिच्या आधीच फरशीवाल्याला विचारलं होतं.

"नाव काय रे त्यांचं? पूर्ण सांग. आमच्याकडे फक्त," ते अडले. "आमच्याकडे ते नाव कुणी घेतलं नाही."

फरशीवाल्याने सांगितलं. अर्धं आरशामागेच राहिलं. वाचणारीच्या खांद्यावरून उजेड सरकून झाडावर गेला आणि तिच्या अंगावरच्या सगळ्या रेघा एकदम मिटल्या.

थोरल्यांनी जेवढं ऐकू आलं तेवढं तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. नवी कवळी बसवल्यावर म्हणतात तसं, जपून.

"सावकाश," ते म्हणाले. "घाई नाही. आरसा हलला तुझा. आधी उजेड आण जागेवर, आणि मग परत सांग."

फरशीवाल्याने पाय रोवले. उजेड झाडावरून खाली आला, मानेवर, खांद्यावर, पुस्तकावर, बोटापर्यंत येऊन थांबला. त्याने नाव परत सांगितलं, ह्या वेळी मोठ्याने, पूर्ण, आणि उजेड हलला नाही.